टायर थोडा रुंद घे, हवा थोडी कमी भर

अगं, दोन तास सायकल चालवली की करंगळीला मुंग्या येतात, एवढं तू सांगितलंस. त्याच्यासोबतचं दुसरं दुखणं मात्र अर्ध्यावर सोडलंस, आणि ते मी ओळखलं. बसण्याची जागा बधिर होते, घरी आल्यावर आग होते, आणि हे दुकानातल्या मुलाला सांगणार कसं, म्हणून आपण बायका गप्प बसतो. मग कुणी जेलचं सीट कव्हर घ्यायला सांगतं, कुणी म्हणतं सवय होईल. सीटची उंची आणि रुंदी तपासून घ्यायचीच, आणि सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा बराच वेळ राहत असेल तर न लाजता डॉक्टरीणबाईंकडे जायचं. पण त्याबरोबर तुझ्या टायरकडेही बघ.

तुझ्या रोडबाइकला २३ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत आणि दुकानात त्यांत १०० पीएसआय हवा भरून देतात. पंच्याऐंशी किलोच्या माणसाला तेवढीच आणि पन्नास किलोच्या तुलाही तेवढीच. मला याचाच राग येतो. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं काही नसतं. हलक्या बाईच्या सायकलला इतकी हवा भरली की टायर दबतच नाही, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट तळव्यात आणि माकडहाडात पोचतो.

तू म्हणशील, ताई, पण रुंद टायर घेतला तर मी मागे पडेन. ही भीती सगळ्यांना असते. कितीतरी वर्षं शर्यतीतले सायकलपटू २३ मिलिमीटरचे किंवा त्याहूनही बारीक टायर वापरायचे आणि आपण ते बघून शिकलो. आता तेच लोक टूर द फ्रान्समध्ये २८ किंवा त्याहून रुंद टायर लावतात, आणि पॅरिस-रुबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर तिशीच्या पुढचे. सेकंदासेकंदासाठी झगडणारी ही माणसं केवळ आरामासाठी टायर बदलणार नाहीत. आपल्याकडे आणखी एक गोष्ट झाली. आजोबांच्या काळ्या सायकलीचे टायर जाडजूड होते आणि ती सायकल हळू चालायची, तेव्हा रुंद म्हणजे हळू हे डोक्यात पक्कं बसलं. पण तिला मागे खेचायचं ते तिचं लोखंडी वजन, जाड रबर आणि ताठ बसून छातीवर घेतलेला वारा.

आता नीट ऐक, कारण एकदा हे कळलं की दुकानात कुणी तुला गप्प करू शकणार नाही. चाक फिरताना टायरचा टेकलेला भाग दबतो आणि पुढे गेला की पुन्हा फुगतो. दबताना गेलेली सगळी ताकद फुगताना परत येत नाही, थोडी रबरात उष्णता होऊन जाते. आता टेकलेला भाग केवढा, हे मुख्यतः वजनावर आणि हवेवर ठरतं. समज तुझ्या मागच्या चाकावर ३५ किलो भार आहे. १०० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७ किलो. म्हणजे जमिनीवरचा ठसा झाला ५ चौरस सेंटिमीटरचा. हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केलास तरी ठसा जवळपास पाचचाच. फरक आकारात पडतो. बारीक टायरचा ठसा लांबुडका होतो, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. लांबुडक्या ठशासाठी टायरला जास्त दबावं लागतं, म्हणून ताकदही जास्त वाया जाते.

रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवली की यातला थोडा फायदा जातो, हे खरं. प्रयोगशाळेत गुळगुळीत पोलादी ढोलावर टायर फिरवतात तेव्हा हवा जास्त तेवढं बरं असंच दिसतं. पण ढोलावर माणूस बसलेलं नसतं. आपल्या डांबरावर टणक टायर खडा गिळू शकत नाही, सायकलीसकट तुला उचलतो आणि आपटतो. त्या प्रत्येक धक्क्यात तुझ्याच पायांनी कमावलेला वेग तुझ्या मांड्यांत, पोटात, दंडांत जिरतो. अमेरिकेतल्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाच्या यान हाइने यांनी रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यांवर, म्हणजे रम्बल स्ट्रिपवर, सायकल चालवून पॉवर मीटरने हे मोजलं, आणि अशा थरथरीत किती ताकद वाया जाते ते दाखवून दिलं. शरीर दमतं ते यानेही. आणि फसगत अशी, की टणक टायरची ती झिणझिण आपल्याला वेगासारखी वाटते. टायर मऊ झाला की हळू चाललोय असं वाटतं. म्हणून पहिले काही दिवस अंदाजावर जाऊ नकोस, घड्याळ लाव.

मात्र रुंद म्हणजे एमटीबीचे गाठीगाठींचे टायर नव्हेत. त्या गाठी डांबरावर दर फेरीला दुमडतात आणि खरोखर वेग खातात. टायरची कूस, म्हणजे कडेचा भाग, चिमटीत धरून दाबून बघ. पातळ, लवचीक कुशीचा ३२चा टायर पुठ्ठ्यासारख्या कडक २५च्या टायरपेक्षा सहज पळतो. पावसासाठी खोल नक्षीही लागत नाही. आपल्या वेगाला सायकलचा टायर पाण्यावर तरंगत नाही. आणि घाटाची काळजी करतेस ना? दोन्ही टायरचं मिळून शंभर ग्रॅम वजन वाढलं, तर सायकलसकट साठ किलोत ते किती? तासाभराच्या चढाला पाच-सहा सेकंद.

तुझ्या वजनाला २८चा टायर घेतलास तर मागे ६० आणि पुढे ५५ पासून सुरुवात कर. ३२ बसला तर ४५ ते ५०. पुढच्या चाकावर भार कमी असतो, म्हणून तिथे हवा थोडी कमी. मग दर वेळी पाच-पाचने उतरून बघ. वळणावर टायर लुळा वाटला, किंवा खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला, की पाच वर चढ. रिम आपटली की ट्यूबला शेजारीशेजारी दोन बारीक छेद पडतात, ती खूण लक्षात ठेव. अंगठ्याने दाबून हवा ठरवू नकोस, मीटर असलेला पंप घे. तुझा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टाचा आहे. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचं नोझल त्याला बसत नाही, तेव्हा छोटा पितळी ॲडॉप्टर पर्समध्ये असू दे.

टायर आणायला मात्र लगेच धावू नकोस. जुन्या रोडबाइकच्या रिमब्रेकखाली जागा कमी असते, कुठे २५ सुद्धा जेमतेम बसतो. शिवाय २८ छापलेला टायर रुंद रिमवर ३० भरू शकतो. सध्याच्या टायरच्या कडेला बारीक अक्षरांत २३-६२२ असं असेल. पहिला आकडा बदलता येतो, ६२२ मात्र तोच हवा. ‘अठ्ठावीस इंची’ म्हणून मागशील तर दूधवाल्याच्या सायकलीचा ६३५चा टायर हातात पडेल, आणि तो तुझ्या रिमवर बसणारच नाही. रविवारी पट्टी घेऊन फोर्कच्या आत, ब्रेकखाली आणि मागच्या दोन्ही नळ्यांच्या मध्ये टायरच्या सगळ्या बाजूंनी किती मिलिमीटर मोकळे आहेत ते मोज. नवा टायर बसल्यावरही दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर उरले पाहिजेत. आकडे मला पाठव, मग २५, २८ की ३२ ते ठरवू. तोवर आहेत त्याच टायरमधली हवा मागे ८५ आणि पुढे ८० वर आण, आणि खड्डे सांभाळून चालव.