गॅसिफायरचा पेंढा शिवारातच तयार होतो

सोनीपत, पानिपत, करनालकडे ऑक्टोबरमध्ये भात निघाला की गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. या घाईत पराली, म्हणजे शेतात उरलेला भाताचा पेंढा, पेटते आणि दिल्लीचा श्वास कोंडतो. दिल्लीपासून 300 किलोमीटरच्या आतल्या कोळसा वीजकेंद्रांनी 5 ते 10 टक्के जैवइंधन जाळावे, असा आदेश वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने 2021 मध्ये दिला. त्यामुळे पेंढ्याला गिऱ्हाईक आले. गॅसिफायर हेही गिऱ्हाईकच, पण फार चोखंदळ.

त्यात इंधन पुरते जळू देत नाहीत. मोजकीच हवा देऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन काढतात. इंधन ओले असले तर 1 किलो पाण्याची वाफ करण्यातच सुमारे 2.3 मेगाज्यूल उष्णता जाते. भट्टी थंडावते, डांबर मोडत नाही आणि या वायूवर चालणाऱ्या इंजिनाच्या व्हॉल्व्हला चिकटते. म्हणून ओलावा 15 टक्क्यांच्या आत ठेवा. सकाळी दव असताना बेलर चालवू नका. दुपारी काडी पिरगाळून पाहा, कडकन तुटली तरच गठ्ठे बांधा. ओला गठ्ठा आतून तापतो, कधी पेटही घेतो.

पेंढा ओढणारा रेक जमिनीला घासू देऊ नका. भाताच्या पेंढ्यात आधीच 15 ते 20 टक्के राख असते, त्यातली बहुतेक सिलिका. पोटॅशमुळे ती कमी तापमानालाच वितळते आणि जाळीवर झावा धरते. वर मातीची भर कशाला? पावसात भिजलेला पेंढा मात्र टाकून देऊ नका. पाण्याबरोबर पोटॅश आणि क्लोरीन धुऊन जातात, पोटॅश तुमच्याच जमिनीत राहते आणि नीट वाळवलेला असा पेंढा भट्टीला ताज्यापेक्षा बरा. बासमतीचा चांगला पेंढा आधी गुरांना ठेवा.

मोकळा पेंढा भट्टीत कमान धरून अडकतो, म्हणून त्याच्या कांड्या किंवा पेलेट करून घ्या. गावातल्या लहान गॅसिफायरला माझ्या मते काड्याच द्याव्यात: रेवाडी-महेंद्रगडची मोहरी, जिंद-भिवानीची कपाशी. तुकडे 2 ते 5 सेंटीमीटरचे करा आणि भुसा चाळून काढा, नाहीतर हवेची वाट बुजते. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर महिनोन्‌महिने ठेवू नका. त्यांतल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. वेचणी संपताच तुकडे केले, तर तिचा आसराही मोडतो.