पाषाणातील साक्षीदार : नवी जात कशी उत्पन्न होते?

एका जातीच्या प्राण्यापासून दुसरी जात निर्माण झाली असे शास्त्रज्ञ सांगतात. परंतु ती निर्माण होताना कोणी पाहिले, असा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतोच. प्रश्न रास्त आहे. मनुष्याचे आयुष्य फार तर शंभर वर्षांचे, आणि असल्या बदलास बहुधा हजारो वर्षे लागतात. म्हणून साक्षीसाठी आपणांस जीवाश्मांकडे, म्हणजे गाळात पुरले जाऊन दगडात टिकून राहिलेल्या जीवांच्या अवशेषांकडे, जावे लागते. ही साक्ष काय सांगते व कोठवर विश्वसनीय आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

ज्या प्राण्यांची आपसांत संतती होते व ती संततीही पुढे प्रजननक्षम असते, त्यांची सामान्यतः एक जात मानतात. नवी जात दोन प्रकारांनी उद्भवू शकेल. नदीने आपले पात्रच हळूहळू बदलावे, तशी सबंध जात कालांतराने पालटेल. किंवा नदीस फाटा फुटावा, तशी एक शाखा निराळी होईल व मूळ जात तशीच चालू राहील. खरे काय घडले हे ठरविण्यास थरावर थर साचलेल्या गाळासारखे दुसरे साधन नाही; कारण जेथे थर उलथेपालथे झालेले नाहीत, तेथे खालचा थर जुना व वरचा नवा, हा नियम चुकत नाही.

जर्मनीतील स्टाइनहाइम येथे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून मोठा खड्डा पडला व त्यात सरोवर झाले. त्याच्या गाळात लहान गोगलगाईंचे असंख्य शंख आहेत. फ्रान्झ हिल्गेनडॉर्फ ह्या तरुण अभ्यासकाने ते थराथराने वेचून 1866 मध्ये त्यांची वंशावळ प्रसिद्ध केली. खालच्या थरांत शंख चपटे. मधल्या थरांत तेच उंच मळसूत्रासारखे. आणि वर पुन्हा चपटे होत गेलेले. ह्या रूपांमधील पायऱ्याही त्यास सापडल्या, आणि मूळ खोडास फुटलेल्या शाखाही. डार्विनने आपल्या ग्रंथाच्या 1872 च्या आवृत्तीत ह्या शोधाचा उल्लेख केला आहे. येथे एक शंका येते : हा निव्वळ पाण्याचा परिणाम नसेल कशावरून? परंतु निरनिराळ्या घडणीचे शंख एकाच थरात शेजारी शेजारी सापडतात. पाणी एकच असता घडण दोन प्रकारची, तेव्हा केवळ पाण्याकडे बोट दाखवून भागत नाही.

असे सलग थर मात्र विरळा. शाळेतील मुलांचे छायाचित्र दर दहा वर्षांनीच काढले, तर कालचा बालक आज एकाएकी मिशांसह उभा दिसेल. पण तेवढ्यावरून तो एका रात्रीत वाढला असे कोणी म्हणणार नाही. जीवाश्मांत नव्या जाती पुष्कळदा अशाच अकस्मात प्रकट होतात. ह्याचा सर्व दोष गाळलेल्या पानांवर घालण्याची पूर्वी प्रथा होती. 1972 मध्ये नाइल्स एल्ड्रिज व स्टीफन जे गूल्ड ह्या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी दुसरा विचार मांडला. त्यांच्या मते नवी जात बहुधा मूळ प्रदेशाच्या कडेला, विलग पडलेल्या लहानशा समूहात, थोड्या काळात बनते. मग ती लाखो वर्षे फारशी बदलत नाही. थोडे प्राणी, थोडा काळ, लहानसा प्रदेश. मग त्यांचे अवशेष हाती लागावे कसे?

ह्या वादाचा निवाडा तर्काने होणारा नव्हता. त्यास भरगच्च थर पाहिजे होते. हिंदी महासागराच्या तळातून उपसलेल्या गाळात फोरामिनिफेरा नामक एकपेशीय जीवांची वाळूच्या कणाएवढी कवचे मिळतात. माल्मग्रेन, बर्गग्रेन व लोमन ह्यांनी अशा गाळातील सुमारे एक कोटी वर्षांचा एक वंश मोजून 1983 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. दीर्घ काळ स्थिरता, मग सुमारे 6 लाख वर्षांत पायरीपायरीने बदल, आणि पुन्हा स्थिरता, असा तो क्रम होता. येथे फाटा मात्र फुटला नाही, पात्रच बदलले.

उलट, ॲलन चीथम ह्यांनी कॅरिबियन प्रदेशातील ब्रायोझोआ ह्या वसाहती करून राहणाऱ्या समुद्रजीवांचे जीवाश्म तपासून 1986 मध्ये दाखविले की तेथे नव्या जाती झपाट्याने अवतरल्या, आणि त्यांच्या मूळ जाती त्यांच्याबरोबरच नांदत राहिल्या. कन्या आल्यावरही माता हयात असेल, तर ती शाखाच होय. हा पुरावा केवळ थरच देऊ शकतात.

तथापि पाषाणास मर्यादा आहेत. कोणाची कोणाशी संतती झाली, रंग कसा, हाक कशी, हे सहसा दगड सांगत नाही. मग केवळ कवचावरून जात ओळखावी काय? जेरेमी जॅक्सन व चीथम ह्यांनी ह्याची कसोटी घेतली. आज जिवंत असलेल्या ब्रायोझोआंच्या जाती आधी केवळ सांगाड्यावरून ठरविल्या व मग आनुवंशिक तपासणीशी ताडून पाहिल्या. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या कामात दोन्ही निकाल उत्तम जुळले. सर्वच प्राण्यांत असे जुळेल असे नाही. दिसण्यात सारख्या पण वस्तुतः निराळ्या जाती पुष्कळ आहेत.

तात्पर्य, नवी जात नेहमी मंदगतीनेच होते, किंवा नेहमी झपाट्यानेच होते, असा एकच नियम जीवाश्म सांगत नाहीत. प्रत्येक वंशाची हकीकत त्याच्या थरांतून निराळी वाचावी लागते.

म्हणूनच थराची नोंद ही जीवाश्माचा प्राण होय. नागपूरचे मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप ह्यांनी लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातील शंख जमवून 1860 मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली; ती आजही उपयोगी पडतात, कारण कोणता शंख कोठून आला हे त्यांत लिहिलेले आहे. विद्यार्थिमित्रहो, ओढ्याकाठी किंवा खाणीजवळ एखादा शंख दगडात रुतलेला आढळला, तर तो उपटून खिशात टाकण्याची घाई करू नका. आधी जागा लिहा, थर लिहा, वर काय व खाली काय ते लिहा, आणि शिक्षकांस दाखवा. नोंदीवाचून उचललेला शंख शोभेचा दगड होतो. नोंदीसह राखलेला शंख साक्षीदार होतो.