जुनी इमारत पाडण्यापूर्वी

धर्मादाय संस्थांचे उत्पन्न पुष्कळदा इमारतीच्या भाड्यातून येते. खाली मलग्या, वर कचेऱ्या वा गुदामे, आणि त्यांच्या भाड्यावर विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, अशी व्यवस्था आमच्या हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. इमारत जुनी झाली की ती पाडून नवी बांधण्याचा विचार निघतो. नकाशा, खर्च आणि भाडेकरूंची सोय यांची चर्चा होते. एक प्रश्न मात्र मागे राहतो: तिच्या भिंतींत, छपरांत आणि पायाखालच्या मातीत काय साठले आहे? पाडकामापूर्वी ही तपासणी कशी करावी, एवढाच विषय आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रथम कायदा पाहू. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या कामास पर्यावरणाची पूर्वसंमती लागते. तेलंगणाचे जुने सचिवालय जुलै २०२० मध्ये पाडले जात असता, नुसत्या पाडकामास ही संमती हवी की नको, हा प्रश्न उच्च न्यायालयात गेला. ती लागत नाही, असा निकाल झाला. तेव्हा दहा-वीस मलग्यांच्या इमारतीकडे या अधिसूचनेची नजर वळणारच नाही, हे उघड आहे. परंतु कायदा विचारीत नाही म्हणून धूळ कोणाच्या छातीत शिरण्याची थांबत नाही.

तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली कागदांची. त्या जागेवर पूर्वी काय होते, हे शोधावे. १९१२ ते १९१५ या काळात लिओनार्ड मन यांच्या देखरेखीखाली या शहराचे तपशीलवार नकाशे तयार झाले. जुन्या वस्तीतील जागेचा शोध तेथून सुरू करता येतो. त्याहून मोठा साक्षीदार म्हणजे संस्थेची भाड्याची वही. कोणत्या खोलीत मुलामा देण्याचे काम चाले, कोठे बॅटऱ्या दुरुस्त होत, कोठे शिशाचे खिळे वापरणारा छापखाना होता, कोठे रॉकेल साठवीत, हे तीत भाडेकरूंच्या धंद्यावरून कळते. आम्ही सभासदांस आग्रहाने सांगतो, की जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत.

दुसरी पायरी डोळ्यांची आणि कानांची. जाणत्या माणसाने तळघरापासून गच्चीपर्यंत फिरावे. जुन्या भाडेकरूंस व चौकीदारास विचारावे. छपराचे पत्रे कशाचे आहेत? सनतनगरच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारापासून ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे होऊ लागले, आणि चारमिनार छापाचा पत्रा घरोघरी पोचला. तो शाबूत असता फारसा उपद्रव करीत नाही. घणाने फोडला की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत उडतात. त्यांपासून होणारे फुप्फुसाचे विकार व कर्करोग दहा-वीसच काय, चाळीस वर्षांनीही प्रकट होतात. भिंतींचा रंगही पाहावा. रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्यापूर्वीच्या थरांत शिसे अधिक असू शकते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूस घातक आहे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी द्रव्य असू शकते.

तिसरी पायरी नमुन्यांची. पहिल्या दोन पायऱ्यांत जेथे संशय आला, तेथील पत्रा, रंग, माती आणि बोअरचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावे. सर्वत्र खणण्याची गरज नसते. म्हणूनच कागदांची पायरी आधी. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसले आहे. वर माती व मुरूम, खाली भेगाळ खडक, आणि पाणी त्या भेगांतून वाहते. एका मलगीत सांडलेले तेल वा आम्ल भेगेवाटे शेजारच्या बोअरमध्ये जाऊ शकते. ते कोठवर जाईल, हे वरून पाहून सांगता येत नाही.

आता या तपासणीचे फळ. पाडकामाचा मक्तेदार बहुधा लोखंड, लाकूड व दारे-खिडक्यांच्या किमतीवर हिशेब करतो. जितके लवकर पडेल तितका त्याचा नफा अधिक. या हिशेबात धुळीचे खाते नसते. ते उघडतात पालमूरसारख्या भागातून आलेले मजूर, शेजारची शाळा आणि समोरचा पानवाला. म्हणून तपासणीचा अहवाल मक्त्याच्या कराराआधी हाती हवा, आणि त्यातील सूचना करारात अटी म्हणून उतरल्या पाहिजेत. पत्रे आधी भिजवून अखंड उतरवावे. मजुरांस योग्य मुखपट्टी द्यावी. राडारोड्यावर पाणी मारावे. धोकादायक माल वेगळा बांधून दुंडिगलच्या केंद्राकडे न्यावा. २०१६ च्या नियमांनी काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग सांगितले होते. जीडीमेटला येथे २०२० मध्ये रोज ५०० टन राडारोडा हाताळण्याचा कारखाना सुरू झाला. तेव्हा तो मुशीच्या काठी वा तलावात लोटण्यास सबब उरत नाही.

घाईची वेळ आली तर काय होते, हेही लक्षात ठेवावे. १९ जानेवारी २०२३ रोजी सिकंदराबादेतील रामगोपालपेटेत एका व्यापारी इमारतीस आग लागली आणि नंतर ती पाडावी लागली. आगीनंतर कागद पाहण्यास व नमुने घेण्यास सवड कोठून मिळणार? तपासणी हे सवडीचे काम आहे. इमारत उभी आहे तोवरच ते करावे.

आणि तपासणीचा कौल नेहमी पाडण्याच्याच बाजूने पडतो असे नाही. १९३५ मधील मोअज्जम जाही मार्केट एके काळी दुर्दशेस पोचले होते. त्याची डागडुजी होऊन ऑगस्ट २०२० मध्ये ते पुन्हा खुले झाले. जे वाचले, त्याचा राडारोडाही झाला नाही.

तपासणीस पैसे लागतात, हे खरे. पण संस्थेची मिळकत ही विश्वस्तांकडे अमानत असते. उर्दूतला हा शब्द मराठीने आपलासा केला आहे तो उगाच नव्हे. ज्या भाड्यातून एका मुलाची फी भरली जाते, त्याच इमारतीची धूळ दुसऱ्या मुलाच्या छातीत जाऊ नये. म्हणून पुनर्बांधणीचा ठराव ज्या सभेत येईल, तेथे तपासणीच्या खर्चाचे कलम पहिले असावे, अशी आमची सूचना आहे.