शाळेची सकाळ: आत्याचे कानमंत्र

बाबू, परवा सकाळी तुला फोन केला तर मागून नुसतं "माझा मोजा कुठंय?" ऐकू येत होतं. दोन पोट्टे शाळेत धाडता धाडता माझे केस पिकले, म्हणून हसू आवरलं नाही. हे सूनबाईलाही वाचून दाखव, आणि निम्मं काम तू कर.

1. दप्तर, बूट, मोजे रात्रीच दाराशी ठेवायचे — रात्री हरवतो तो मोजा, सकाळी हरवतं ते घर.

2. दप्तर पोरांनीच भरावं, तू नुसतं वेळापत्रक वाच — आपण भरलं की राहिलेल्या वहीचं खापर आपल्यावरच.

3. जेवतानाच विचार, "उद्या काही न्यायचं आहे का?" — रात्री साडेदहाला चार्टपेपर शोधत मी मानेवाड्यापासून महालापर्यंत स्कूटर फिरवली आहे.

4. कणिक रात्री मळ, आलू उकडून ठेव, सांभार निवडून ठेव. पण डबे एकसारखे नकोत — माझे दोन्ही स्टीलचे, जुळे भाऊच. एकदा तुझ्या आतेभावानं मधल्या सुट्टीत डबा उघडला, तर आत कणकेचा गोळा! आता चाळिशीचा झालाय, तरी ताटात पोळी पडली की विचारतो, "आई, भाजली ना?"

5. चौथीपर्यंतचे वर्ग 9 च्या आधी भरवू नका, असं सरकारनं 2024 मध्ये सांगितलं, म्हणून धाकटीला निजू दे. मोठ्याची अंघोळ आधी — एका न्हाणीघरापुढं दोन घाई मावत नाहीत.

6. एप्रिलात सकाळची शाळा असते तेव्हा गजराला मोबाइल नको, घड्याळ लाव, तेही उशापासून चार पावलं लांब — कूलरच्या घरघरीत मोबाइल बिचारा एकटाच कोकलत बसतो.

7. थंडीत गणवेश रात्री पांघरुणाखाली सरकव — 29 डिसेंबर 2018 ला आपल्या नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तसला गार सदरा तू तरी घालशील का?

8. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनअखेरीस उघडतात. त्याआधी आठ दिवस रोज पंधरा मिनिटं लवकर उठव — एका दिवसात फक्त गजर बदलतो, झोप नाही.

9. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं करू नको — घरातलं शेंबडं पोरही तेवढी वजाबाकी करतं.

10. ऑटोवाल्या काकांना ताटकळत ठेवू नको — तुझी दोन मिनिटं पुढच्या सहा दारांत उभी राहतात.

11. रागवायचं ते संध्याकाळी रागव — सकाळचा शब्द पोट्टं डब्यासोबत घेऊन जातं, आणि डबा संपतो तरी तो उरतो.

रविवारी सगळे या, तर्री-पोहे करते. पण दहाच्या आत दार वाजवू नका, माझी शाळा केव्हाच सुटली.