वेंगुर्ल्याची पाकोळी आणि चिपळूणचे राखणदार



आपल्या शाळेच्या जुन्या ओसरीत, छताच्या कोपऱ्यात, पिसे आणि काडीकचरा चिकटवून केलेली घरटी होती. आठवतात ना? गेल्या उन्हाळ्यात रंगकाम निघाले. रंगाऱ्याने विचारले, "गुरुजी, हे काय करू?" मी म्हणालो, "पाडून टाक." त्याने बांबूने खरवडले. खाली फरशीवर दोन पांढरी अंडी फुटलेली दिसली. पक्षी संध्याकाळपर्यंत छताखाली घिरट्या घालीत होते. तिथे उभ्या असलेल्या सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, आता ते कुठं राहतील?" मला उत्तर देता आले नाही. म्हणून हा पाठ लिहीत आहे.

ते पक्षी म्हणजे पाकोळ्या. आपल्याकडे काही जण लहान वटवाघळालाही पाकोळी म्हणतात, पण ते वेगळे. पाकोळी हा पक्षी आहे. तिचे पाय इतके आखूड असतात की तिला चिमणीसारखे तारेवर बसता येत नाही. ती भिंतीला, छताला नख्यांनी लोंबकळते. बाकी सारा दिवस उडत राहते आणि उडता उडताच माशा, चिलटे, पिकांवरचे किडे खाते. म्हणजे शेतकऱ्याचे काम ती फुकटात करते.

या पाकोळीची एक बहीण समुद्रातल्या बेटावर राहते. तिची आणि तिला राखणाऱ्या माणसांची ही हकीकत आहे.

बेट कुठे आहे?

समुद्र आपल्यापासून फार लांब. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाही नाही. आपल्याला मोठे पाणी ठाऊक आहे ते कयाधूच्या पुराचे, नाहीतर सिद्धेश्वर आणि इसापूर धरणांचे. धरण भरल्यावर एखाद्या टेकडीला चारी बाजूंनी पाण्याने वेढले, तर तिला आपण बेट म्हणू. समुद्रातली बेटेही तशीच. फक्त तिथे पाणी खारट, आणि लाटा घराएवढ्या.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले हे गाव आहे. तिथल्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. त्याला 'वेंगुर्ला रॉक्स' म्हणतात. तिथे वस्ती नाही. बोटींना वाट दाखवणारा दीपस्तंभ आहे, खडक आहेत आणि पक्षी आहेत. त्यांतल्या 'बर्न्ट आयलँड' नावाच्या बेटावर अंधारी गुहा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की तिकडे होडी जात नाही.

लाळेचे घरटे

या गुहेत भारतीय पाकोळी राहते. ती चिमणीपेक्षाही लहान असते. गुहेत काळोख असतो, तरी ती भिंतीवर आपटत नाही. उडताना ती तोंडाने टिक् टिक् असा आवाज करते. आवाज भिंतीवर आदळून परत येतो, त्यावरून तिला वाट कळते. विहिरीत हाक मारली की हाक परत येते ना? तसेच हे.

घरटे बांधायला ती वापरते आपली लाळ. लाळेचा धागा दगडावर लावायचा, तो वाळला की त्यावर दुसरा. असे करीत अर्ध्या वाटीसारखे घरटे तयार होते. पुष्कळ दिवस राबावे लागते. मग त्यात साधारण दोन अंडी.

आता गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट ऐका. चीनमध्ये आणि आग्नेय आशियातल्या देशांत अशा घरट्यांचे सार करून पितात. औषधी म्हणून त्याला फार मोठी किंमत मिळते. त्यामुळे घरटी चोरणारे लोक निघाले. घरटे खरवडले की अंडी नाहीतर पिले खाली पडून मरतात. पाकोळी पुन्हा लाळ गाळून दुसरे बांधते. तेही नेले की विणीचा काळ संपतो आणि ते वर्ष वाया जाते. अशी काही वर्षे गेली तर गुहा रिकामी होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

या बेटावरच्या पाकोळ्या जाणकारांना आधीपासून माहीत होत्या. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी त्यांच्याविषयी १९४२ साली लेख लिहिला होता. पण माहिती असणे वेगळे आणि राखण करणे वेगळे.

राखणदार कोण?

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदीकाठी चिपळूण हे गाव आहे. तिथे १९९२ साली भाऊ काटदरे आणि त्यांच्या सोबत्यांनी 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था काढली. ही स्वयंसेवी संस्था. स्वयंसेवी म्हणजे काय? कुणी हुकूम दिला म्हणून नव्हे, तर आपल्याला वाटले म्हणून, आपला वेळ खर्चून काम करणारी. आपल्या गावात विहिरीचा गाळ काढायला सगळे जमतात, त्यातलाच हा प्रकार.

२००१ साली संस्थेचे कार्यकर्ते वेंगुर्ल्याच्या बेटांवर पाकोळ्यांचा अभ्यास करायला गेले. त्यांनी पक्षी पाहिले, घरटी मोजली. घरटी चोरीला जात आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. आता ते काय करतील? चोरट्यांशी मारामारी? नाही. त्यांनी वन विभागाला कळवले. कायद्याची माणसे बरोबर घेतली. चोरटे पकडले गेले आणि पुढे विणीच्या काळात बेटावर लक्ष ठेवणे सुरू झाले.

यात एक शहाणपण आहे, ते नीट समजून घ्या. त्यांनी आधी मोजले, मग सांगितले, मग राखले. मोजल्याशिवाय सांगितले तर कुणी ऐकत नाही. सांगितल्याशिवाय राखायला गेले तर माणूस एकटा पडतो.

पक्ष्यांकडून कासवांकडे

याच मंडळींची पुढची गोष्ट किनाऱ्यावरची आहे. २००२ साली ती समुद्री गरुडाची घरटी शोधत मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी पोहोचली. वेळास म्हणजे पेशवाईतल्या नाना फडणवीसांचे गाव. तिथल्या वाळूत त्यांना समुद्री कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली.

देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. आपण त्याला हात लावून पुढे जातो. वेळासचे कासव जिवंत. त्याचे नाव ऑलिव्ह रिडले. मादी रात्री वाळूत येते, खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि परत समुद्रात जाते. पुन्हा पाहायला येत नाही. कोल्हे, कुत्रे ती अंडी उकरीत. माणसेही ती काढून खात, विकत.

संस्थेने गावातल्याच माणसांना बरोबर घेतले. पहाटे किनारा फिरायचा, अंडी अलगद उचलायची, कुंपण केलेल्या जागेत तेवढाच खोल खड्डा करून ठेवायची. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिले वर येतात. ती पाण्यापासून थोडी अलीकडे सोडतात. पुढे ती आपली आपण समुद्राकडे जातात. हे पाहायला शहरांतून लोक येऊ लागले. 'कासव महोत्सव' सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात, त्याचे पैसे देतात. ज्या गावात अंडी खाल्ली जात, त्याच गावाला कासवामुळे दोन पैसे मिळू लागले. किनाऱ्यावरच्या इतर गावांनीही हे काम उचलले आणि वन विभागाने त्यात मोठा वाटा घेतला.

२०२२ च्या जानेवारीत वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसवले. तिचे नाव ठेवले 'प्रथमा'. वीस वर्षांपूर्वी जिची अंडी कुणी राखत नव्हते, तिच्या जातीचा प्रवास आता आकाशातून पाहिला गेला.

आपण काय करायचे?

कुणी म्हणेल, "गुरुजी, आपल्याकडं ना बेट ना समुद्र. आपण काय राखावं?" मुलांनो, पाकोळीला आपल्या ओसरीचे छत हेच बेट. चहूकडे उन्हाने तापलेले शिवार, आणि मध्ये तिला पिले वाढवायला तेवढा एक कोपरा. तो आपण खरवडला. मी खरवडवला, असेच म्हणतो.

या वर्षी शाळेत ठरले आहे ते असे. रंगकाम काढण्याआधी छत पाहायचे. घरट्यात अंडी-पिले असतील तर तेवढा कोपरा पिले उडेपर्यंत सोडायचा. विष्ठा खाली पडते, ही तक्रार खरी आहे. तिच्यासाठी खाली जुने पोते अंथरावे आणि आठवड्याला झटकावे.

मायबापांना एक विनंती. घर, देऊळ, गोठा यांची डागडुजी करताना एकदा मान वर करून पाहा. बस, एवढेच.

स्वाध्याय

१. आपल्या गावात पाकोळीची घरटी कुठे कुठे आहेत? मोजा आणि फळ्यावर आकडा लिहा. काठी लावू नका.

२. तारेवर बसलेला पक्षी पाकोळी असेल का? कारण सांगा.

३. "आधी मोजले, मग सांगितले, मग राखले." यातले आपण आतापर्यंत काय केले? खरे उत्तर लिहा.

४. घरी आजीला विचारा: तिच्या लहानपणी दिसणारा कोणता पक्षी आता गावात दिसत नाही?

ओसरीच्या कोपऱ्यात जुन्या घरट्याचा डाग अजून आहे. तो पुसलेला नाही. परवा सकाळी प्रार्थनेच्या वेळी दोन पाकोळ्या त्या डागाजवळ येऊन लोंबकळल्या आणि गेल्या. चोचीत पीस होते की नाही, ते खालून नीट दिसले नाही. मुलांनो, तुम्ही लक्ष ठेवा.