चेंडूचे १०८ टाके आणि शिवणारा हात

टाका घालणे ही क्रिया वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शिकलेली असते. सुई कोठून शिरावी, कडा कशा भिडवाव्यात, दोरा किती ताणावा, गाठ कोठे यावी, हे धडे आपण सर्वांनी गिरविले आहेत. पुढे बालरोगशास्त्राकडे वळल्यावर माझ्या हातातील सुई सुटली. टाक्याविषयीचे कुतूहल मात्र कायम राहिले. त्या कुतूहलापोटीच बेसबॉलच्या चेंडूविषयी थोडे वाचन घडले. अमेरिकेतील या अत्यंत लोकप्रिय खेळाच्या व्यावसायिक सामन्यांत वापरल्या जाणाऱ्या चेंडूचे चामडी आवरण आजही हाताने शिवले जाते. ही शिवण कशी होते, यंत्राला ती का साधली नाही आणि ती शिवणाऱ्या हाताचे काय होते, याचा वैद्यकीय दृष्टीने विचार करण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

आवरणाची रचना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाच्याने दिलेला एक चेंडू मी टाके काढण्याच्या कात्रीने उसवून पाहिला. क्रिकेटच्या चेंडूला सरावलेल्या आपल्या नजरेला पहिले नवल वाटते ते आवरणाच्या कापणीचे. क्रिकेटच्या चेंडूची शिवण विषुववृत्तासारखी सरळ फिरते. बेसबॉलचे आवरण दोन अगदी सारख्या तुकड्यांचे असते व प्रत्येक तुकडा डमरूच्या आकाराचा असतो: दोन्ही टोके गोलसर, मध्ये कंबर बारीक. एकाची टोके दुसऱ्याच्या कंबरेत बसतात आणि सपाट चामड्याच्या दोन तुकड्यांनी संपूर्ण गोल झाकला जातो. त्यामुळे शिवणीची एकच अखंड वळणदार रेषा तयार होते.

ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात रूढ झाली. तेथील नॅटिक या गावी १८५८ साली हारवुड यांचा बेसबॉलचा कारखाना सुरू झाला; आवरणाची शिवण मात्र परिसरातील स्त्रिया आपापल्या घरी करीत. हाताच्या शिवणीचा आणि घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीचा संबंध असा आरंभापासूनचा आहे.

चेंडूच्या गाभ्यात कॉर्क, त्यावर रबराचे थर व त्यावर लोकरीचे धागे घट्ट गुंडाळलेले असतात. पूर्वी आवरणासाठी घोड्याचे चामडे वापरीत. १९७४ पासून गाईचे चामडे आले. ते तुरटीने कमावलेले असल्यामुळे पांढरे शुभ्र असते. तयार चेंडूचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम आणि परीघ सुमारे २३ सेंटिमीटर भरतो.

शिवणीची पद्धत

चामड्याचे तुकडे प्रथम ओलसर केले जातात. ओले चामडे ताणले जाते आणि वाळताना आक्रसून गाभ्याला घट्ट बिलगते. दोन्ही तुकडे गाभ्यावर बसवून चेंडू एका शिकंजात पकडतात. कडेने छिद्रे आधीच पाडलेली असतात. मेण लावलेला सुमारे सव्वादोन मीटर लांबीचा लाल दोरा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवतात. मग आळीपाळीने एका कडेखालून व दुसऱ्या कडेखालून सुई बाहेर काढली जाते आणि प्रत्येक जोडटाक्यानंतर दोन्ही हात बाजूंना फाकवून दोरा ओढला जातो. असे १०८ जोडटाके पडले की आवरण पूर्ण होते. पहिल्या टाक्याचा आरंभ आणि शेवटच्याचा अंत, दोन्ही चामड्याखाली दडविलेले असतात. त्यानंतर चेंडू दोन पाट्यांमध्ये फिरवून शिवण दाबून सारखी केली जाते.

१०८ ही संख्या आपल्याला जपमाळेमुळे परिचित आहे. येथे तिला धार्मिक अर्थ नाही. तथापि प्रत्येक टाका सारख्याच ताणाने ओढण्यासाठी लागणारे चित्ताचे स्थैर्य एखाद्या जपकर्त्याला साजेल असेच आहे.

यंत्र का थांबले?

ही शिवण यंत्राने करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात पुनःपुन्हा झाले. अडचण दोन ठिकाणी आली. दडलेला पहिला टाका आणि दडलेला शेवटचा टाका माणसाच्या मदतीवाचून यंत्राला घालता येईना. तसेच चामड्याच्या लवचिकतेनुसार टाक्याचा ताण कमीअधिक करणेही त्याला जमेना. चामडे ही नैसर्गिक वस्तू आहे. एकाच कातड्याचा पाठीकडचा भाग आणि पोटाकडचा भाग सारखा ताणत नाही. बोटांना हा फरक जाणवतो. तान्ह्या बाळाची त्वचा आणि प्रौढाची त्वचा यांवर आपण एकाच जोराने टाका आवळत नाही, हे शल्यविशारद मित्रांना वेगळे सांगावयास नको.

टाक्यातील या समानतेला खेळात फार महत्त्व आहे. गोलंदाजाची बोटे शिवणीवर टेकतात आणि शिवणीचा उंचवटा हवेला अडवून चेंडूला वळण देतो. २०१९ च्या मोसमात अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत ६,७७६ ‘होम रन’ निघाले. तोवरचा तो उच्चांक होता. त्याची कारणे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या समितीने त्याच वर्षअखेरीस दिलेल्या अहवालात शिवणीच्या उंचीतील अत्यंत सूक्ष्म फरकाचाही हवेच्या विरोधाशी संबंध दाखविला. कारागिराच्या बोटांवर एवढे अवलंबून आहे.

शिवणाऱ्या हाताचे दुखणे

मजुरी वाढली तसा हा उद्योग अमेरिकेबाहेर गेला. काही काळ हैती हे त्याचे मोठे केंद्र होते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो कोस्टारिकातील तुरियाल्बा या गावी आला आणि प्रमुख स्पर्धेचे चेंडू अद्यापही तेथेच तयार होतात. २००४ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तेथील कामगारांविषयी विस्तृत वृत्तांत छापला. त्यानुसार शिवणाऱ्याला एका चेंडूमागे सरासरी ३० सेंट मिळत आणि तोच चेंडू अमेरिकेत सुमारे १५ डॉलरना विकला जाई. मनगट, बोटे व खांदे यांच्या दुखण्याच्या तक्रारीही त्यात नोंदविल्या होत्या.

या तक्रारींचे आश्चर्य वाटू नये. तासाला चार चेंडू एवढाच वेग धरला तरी ४३२ जोडटाके होतात; आठ तासांत ३,४५६. म्हणजे चिमटीत सुई घट्ट धरून, मनगट वाकवून, जोराने दोरा ओढण्याची क्रिया दिवसातून साडेतीन हजार वेळा होते. पुनरावृत्ती, जोर आणि मनगटाची अवघड स्थिती हे तीन घटक एकत्र आले की कार्पल टनेलमध्ये मीडियन नर्व्हवर दाब येण्याचा धोका वाढतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील बाजू येथे मुंग्या, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे, पुढे चिमटीतून वस्तू सुटणे, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१० च्या सुधारित व्यवसायजन्य रोगांच्या यादीत या विकाराचा स्पष्ट समावेश केला आहे.

येथे एक विसंगती मनाला टोचते. त्याच खेळात लहान गोलंदाजांच्या कोपराला होणारी इजा ‘लिटल लीग एल्बो’ या नावाने १९६० पासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. वाढीच्या कूर्चेवर वारंवार ताण पडून ती उद्भवते. त्यावर उपाय म्हणून लिटल लीग संघटनेने २००७ पासून फेकींची मोजणी सुरू केली. त्यानुसार ९-१० वर्षांच्या मुलाला एका दिवसात ७५ आणि ११-१२ वर्षांच्या मुलाला ८५ फेकींची मर्यादा आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून या नियमाचे मी मनापासून स्वागत करते. मात्र चेंडू फेकणाऱ्या हाताचे श्रम आरोग्यासाठी मोजले जातात आणि चेंडू शिवणाऱ्या हाताचे श्रम केवळ मजुरीसाठी. नगावर मिळणारी मजुरी हाताला थांबू देत नाही. ती दुखऱ्या हातालाही आणखी एक चेंडू शिवावयास लावते.

बालकाचा हात

बेसबॉलची शिवण आज कारखान्यात, प्रौढांच्या हातून होते. फुटबॉलची शिवण मात्र पाकिस्तानातील सियालकोट येथे दीर्घकाळ घराघरांतून चालत असे आणि त्यात मुलेही राबत. जून १९९६ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने फुटबॉल शिवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचे छायाचित्र छापले व जगभर खळबळ उडाली. फेब्रुवारी १९९७ मध्ये अटलांटा येथे करार होऊन शिवण नोंदणीकृत केंद्रांत आणण्याचे ठरले. देखरेख त्यामुळे शक्य झाली. घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रियांची मजुरी मात्र धोक्यात आली आणि त्यांच्यासाठी निराळी केंद्रे काढावी लागली. बालकाला कामातून सोडवावयाचे तर त्याच्या मातेच्या मिळकतीचाही विचार करावा लागतो, हा त्यातला धडा होय.

मुलाचे मनगट म्हणजे प्रौढाच्या मनगटाची लहान प्रतिकृती नव्हे. वय ठरविण्यासाठी आपण मनगटाचा एक्स-रे काढतो तो याचसाठी. कॅपिटेट आणि हॅमेट ही हाडे पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात. पिसिफॉर्म मात्र साधारण ९ ते १२ वर्षांच्या सुमारास. रेडियसच्या खालच्या टोकाची वाढ तर पौगंडावस्थेच्या अखेरीपर्यंत चालू असते. जे अद्याप घडत आहे त्यावर हजारो टाक्यांचा भार टाकणे शास्त्राला धरून नाही.

आपल्या परिसरात

हाताच्या शिवणीसाठी आपल्याला तुरियाल्बापर्यंत जावयास नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांचा समावेश आहे व आपला बेळगाव जिल्हा त्यांपैकी एक. अथणी, निपाणी या भागांतील कुटुंबांत चामड्याची वेणी, टाके व नक्षी यांचे बरेचसे काम स्त्रिया घरी करतात. निपाणीच्या विडी कामगार स्त्रियाही नगावरच मजुरी घेतात. २०१६ च्या कायदादुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली. शाळेच्या वेळेनंतर कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा मात्र ठेवली. या मुभेची मर्यादा घराच्या उंबऱ्याआड कोण पाहणार? अनेकदा तेथपर्यंत पोहोचणारा सुशिक्षित माणूस म्हणजे आपणच असतो.

इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रुग्णाला विचारावयाच्या प्रश्नांत ‘आपला व्यवसाय कोणता?’ या प्रश्नाची भर घातली. तीनशे वर्षांनंतरही आपल्या केसपेपरवर ‘गृहिणी’ हा शब्द लिहून आपण पुढे जातो. माझ्याकडे बाळाला घेऊन येणारी माता ‘रात्री पाजताना हात बधिर होतो’ असे सांगते, तेव्हा प्रसूतीनंतरची सूज, बाळाला उचलण्याने अंगठ्याच्या मुळाशी येणारा दाह आणि हाताने केलेले काम, या तिन्हींचा विचार करावा लागतो. म्हणून मी पुढील प्रश्न विचारते: घरी हाताचे कोणते काम करता? दिवसाला किती नग होतात? मध्ये हात किती वेळ थांबतो? शाळेतून आल्यावर मूल मदतीला बसते का, आणि किती वेळ?

उपाय साधे आहेत. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, तासाला काही मिनिटांची विश्रांती, धारदार सुई व जाड मुठीचे हत्यार यांनी आरंभीच्या अवस्थेत बराच आराम पडतो. बधिरता कायम राहिल्यास किंवा अंगठ्याच्या मुळाचा स्नायू सुकू लागल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करू नये. मूल मदतीला बसत असेल तर मातेला दोष न देता शाळा, अभ्यास व खेळ यांचे तास तिच्याशी बोलून ठरवावेत.

टाके मोजण्याची सवय आपल्याला आहेच. रुग्णाला किती टाके पडले हे आपण न विसरता लिहितो. रुग्ण स्वतः दिवसाला किती टाके घालते, हेही त्याच कागदावर लिहावे, एवढीच सर्व व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती.