अंगठा जुळला नाही, म्हणून धान्य बुडते का?

प्रश्न : शेतमजूर आईचा अंगठा रेशन दुकानातील यंत्र ओळखत नाही. तिचे धान्य बुडेल का?

उत्तर : ई-पॉस, म्हणजे ओळख पडताळून धान्यवाटपाची नोंद करणारे यंत्र, बोटावरील रेषा आधारमधील ठशाशी ताडून पाहते, परंतु अंगमेहनतीने व वयोमानाने त्या रेषा झिजतात, आणि तरीही यंत्राच्या नकारालाच अपात्रतेचा पुरावा मानण्याची सवय दुकानदारांना जडलेली दिसते, जी निव्वळ गैरसमजावर उभी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या आधार निकालात, पडताळणी फसल्यामुळे पात्र व्यक्तीचा लाभ नाकारला जाऊ नये व ओळख पटवण्याचे अन्य मार्ग असावेत, असे नमूद केले आहे. शिधापत्रिकेवरील दुसऱ्या सदस्याचा अंगठाही सहसा चालतो. तरीही अडवणूक झाल्यास २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालील जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिची पोच मागून घ्यावी.